‘ता.’ म्हणजे तालुका की तारीख?

संकेतस्थळांच्या सुगम्यतेची, म्हणजे अपंग व्यक्तींनाही ती वापरता येतात की नाही याची, चाचणी करण्याचे काम मी सुरू केले, तेव्हा संक्षेप हा विषय मला किरकोळ वाटत असे. एकदा एका योजनेचा अर्ज माझे अंध सहकारी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामने, ऐकत होते. वर ‘ता. २५ पूर्वी’ असे होते आणि खाली पत्त्याच्या रकान्यांना ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ अशी नावे दिलेली होती. डोळ्यांनी वाचणाऱ्याला शेजारचा अंक पाहून उलगडा होतो; कानाने वाचणाऱ्याला मात्र एकच ‘ता’ दोनदा ऐकू येतो आणि अर्थ लावण्यासाठी मागे जावे लागते. त्यांनी तो भाग तीनदा ऐकला.

मी प्रत्येक संक्षेपाला ‘एबीबीआर’ हा संक्षेपांसाठीचा टॅग लावून त्याच्या ‘टायटल’ या गुणधर्मामध्ये पूर्ण रूप लिहिले. एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेत सोय हीच आहे, तरीही सहकाऱ्यांना काहीच वेगळे ऐकू आले नाही. ‘टायटल’मधला मजकूर माऊस नेल्यावर दिसतो, कीबोर्डने किंवा स्पर्शाने पान वापरणाऱ्यापर्यंत तो सहसा पोहोचत नाही, आणि जॉजसारख्या स्क्रीन रीडरमध्ये संक्षेपाचे पूर्ण रूप ऐकण्यासाठी सेटिंग बदलावे लागते. म्हणून खरा उपाय मजकुरातच करावा: पहिल्या उल्लेखात ‘जिल्हा परिषद (जि. प.)’ असे लिहावे आणि रकान्याचे नाव सरळ ‘तालुका’ ठेवावे.

जादा माहितीचेही तसेच आहे. जन्मतारीख कोणत्या क्रमाने भरायची, ही सूचना त्या अर्जात प्रश्नचिन्हाच्या चित्रामागे दडलेली होती. आम्ही ती रकान्याखाली उघड लिहिली आणि ‘एरिया’ (ARIA) या स्क्रीन रीडरला जादा माहिती पुरवणाऱ्या गुणधर्मांच्या संचातील ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ने रकान्याशी जोडली, त्यामुळे रकान्यात शिरताच नावापाठोपाठ सूचनाही ऐकू येऊ लागली. मजकुराचा तुकडा वेगळा करणाऱ्या साध्या ‘स्पॅन’ टॅगला ‘एरिया-लेबल’ हा नाव देणारा गुणधर्म चिकटवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण एरियाच्या १.२ आवृत्तीत त्याला मनाई आहे.

संक्षेपांचा निकष, ३.१.४, डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सर्वांत वरच्या ‘एएए’ पातळीवर असल्यामुळे बहुतेक प्रकल्प तो सोडून देतात. शासकीय मराठीत ‘सा. बां. वि.’ (सार्वजनिक बांधकाम विभाग), ‘पं. स.’ (पंचायत समिती) असे संक्षेप पावलोपावली येत असताना ही सवलत घेणे मला अन्यायाचे वाटते.

नवोदितांनी विनामूल्य मिळणारे एनव्हीडीए आजच बसवावे, पडदा बंद करावा आणि इन्सर्टसोबत खालचा बाण दाबून स्वतः केलेले एक पान शेवटपर्यंत ऐकावे. दुरुस्तीनंतर माझ्या सहकाऱ्यांनी तो अर्ज एकदाही मागे न जाता भरला.