‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचताना दडपण कुठे शोधायचं

निबंध असो, वाचनगटातली चर्चा असो की प्रबंधाचं एखादं प्रकरण, हरि नारायण आपट्यांच्या या कादंबरीवर लिहायला बसलं की घोडं एकाच ठिकाणी पेंड खातं. सासरचे शंकरमामंजी दुष्ट, आपली कहाणी सांगणारी यमू बिचारी, तिचा नवरा रघुनाथराव देवमाणूस. तीन वाक्यांत विषय आटोपतो आणि पुढे पानं भरायला सहानुभूती उरते. खलनायक हाती लागला की बाकीचं घर निर्दोष सुटतं, ही यातली खरी अडचण. म्हणून शंकरमामंजींना तूर्त बाजूला ठेवा आणि वाक्यांपासून सुरुवात करा.

एक वही आणि लाल-निळ्या अशा दोन पेन्सिली पुरेत. आवृत्त्या अनेक आहेत आणि पानं जुळत नाहीत, त्यामुळे टिपणात पानाबरोबर प्रकरणाचा आकडाही लिहा. नाहीतर गटात अर्धा तास ‘कुठे आहे ते?’ यातच जातो.

पहिलं वाचन सरळ करा. खुणा करू नका, फक्त जिथे संताप आला तिथे समासात बारीक टिंब द्या. दुसऱ्या वाचनात पेन्सिली बाहेर काढा आणि वाक्यांची क्रियापदं पाहा. ‘मोठ्याने हसू नकोस’ या वाक्यात सांगणारा माणूस समोर उभा आहे. त्याच्याशी भांडता येतं, रुसता येतं, त्याची नजर चुकवता येते. अशी वाक्यं निळी. ‘बायकांनी मोठ्याने हसू नये’ यात मात्र सांगणारा गायब झाला. नियम जणू आभाळातून पडला. नये, नसतं, शोभत नाही, बरं दिसत नाही, आपल्यात चालत नाही, लोक काय म्हणतील, ही सगळी लाल पेन्सिलीची मंडळी. मराठीत सामाजिक दडपण बहुतेक वेळा असंच बिनकर्त्याचं येतं, आणि म्हणून ते कुणाच्याच अंगाला चिकटत नाही. (शीर्षकातला ‘घेतो’ पुल्लिंगी आहे यावर सिद्धान्त रचायचा मोह होतो. रचू नका, ‘कोण’च्या मागे मराठीत क्रियापद एरवीही पुष्कळदा पुल्लिंगी येतं.)

यमूच्या स्वतःच्या निवेदनात अशा घाटाचं वाक्य दिसलं तर त्याभोवती लाल गोल काढा. तिथे धाक बाहेरून येत नाही, तो आत मुरलेला आहे. हे गोल पुढे सर्वांत जास्त कामाला येतात.

आता वहीत चार रकाने आखा: कोण बोललं, कोणाला, कुठे बसून, आणि न ऐकलं तर काय होईल. ‘कुठे’च्या खाली ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, मुंबईचं बिऱ्हाड असं नेमकं लिहा, नुसतं ‘घरी’ नको. चौथा रकाना लोक कंटाळून रिकामा सोडतात, आणि सगळं तिथेच बिघडतं. बोलणी खावी लागतील, माहेरचा उद्धार होईल, आईबापांची मान खाली जाईल, वाळीत टाकतील, ही त्या दडपणाची किंमत आहे. ती लिहिली नाही तर यमू ऐकून का घेते हे कळतच नाही, आणि मग ‘तिने बंड करायला हवं होतं’ असं आजचं शहाणपण निबंधात शिरतं. एका बैठकीला वीसेक पानं आणि तीन-चार नोंदी पुष्कळ झाल्या. पंधरा-वीस नोंदी होत असतील तर तुम्ही प्रत्येक कटकटीला दडपण म्हणताय.

वही भरत गेली की माजघरातले नियम सांगणाऱ्या बहुधा बायकाच आहेत हे दिसेल. इथे ‘बाईच बाईची वैरीण’ हे वाक्य जिभेवर येतं, ते खोडा. थोरल्या बाईचं घरातलं वजन सुनांना वळण लावण्यावर अवलंबून आहे, तो तिचा एवढाच अधिकार. पैसा कोणाच्या हाती, मुलीचं लग्न कोण ठरवतं, सुनेला मुंबईला न्यायचं की नाही हे कोणाच्या शब्दावर, हे तीन प्रश्न शेजारी मांडले की चित्र पालटतं.

यमू आणि तिची मैत्रीण दुर्गी यांच्यासाठी समोरासमोरची दोन पानं ठेवा. मुली त्याच वयाच्या, एकाच वळणात वाढलेल्या. फरक नवऱ्यात. यमूला वाचायला, बोलायला, मुंबईत मोकळं वावरायला मिळतं ते रघुनाथरावांच्या स्वभावामुळे. म्हणजे तो हक्क नाही, परवानगी आहे, आणि परवानगी देणारा गेला की ती एका दिवसात संपते. ‘एकीचं नशीब चांगलं, दुसरीचं फुटकं’ यावर थांबलात तर ही तुलना वाया गेली.

केशवपनापाशी, म्हणजे विधवेचं डोकं भादरण्यापाशी, वेग कमी करा आणि शब्द नेमके वापरा: सकेशा (केस राखलेली विधवा), सोवळी (केशवपन झालेली), आलवण (तिने नेसायचं लाल लुगडं). ही सक्ती मुख्यतः ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय घरांतली. अनेक जातींत विधवेचा पाट लागत असे, म्हणजे तिचं पुन्हा लग्न होत असे. तेव्हा ‘त्या काळची भारतीय स्त्री’ असं लिहू नका, ‘पुण्या-मुंबईकडची ब्राह्मण घरातली बाई’ असं लिहा.

‘विधवाविवाहाचा कायदा तर १८५६ सालीच झाला होता, मग?’ हा प्रश्न गटात हमखास येतो. कायद्याने असं लग्न वैध ठरवलं, बहिष्कार थांबवला नाही. बहिष्काराची ताकद दाखवायला त्याच काळातला प्रसंग हाताशी आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, माजलं आणि न्यायमूर्ती रानड्यांनाही पुढे प्रायश्चित्त घ्यावं लागलं. उच्च पदावरच्या पुरुषाची ही गत, तर विधवेच्या हाती काय होतं? कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत असतानाच, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा होऊन शरीरसंबंधासाठी मुलींचं किमान वय १० वरून १२ झालं. पहिले वाचक या वादाच्या धुरळ्यात बसून वाचत होते. एवढा संदर्भ बस्स. सुधारकांची जंत्री देऊ लागलात की कादंबरी हरवते.

आवाज एका बाईचा, लेखणी पुरुषाची, हेही विसरू नका. उतारा देताना ‘यमू म्हणते’ असंच लिहा. ‘आपटे म्हणतात’ असं लिहिलंत की तिचे लाल गोल लेखकाची मतं ठरतात. बाईने स्वतः लिहिलेलं शेजारी हवं असेल तर ताराबाई शिंद्यांचं १८८२ चं ‘स्त्री-पुरुष तुलना’ घ्या. तिथला राग कोणाच्या तोंडून येत नाही, थेट येतो.

लिहायला बसल्यावर प्रस्तावनेऐवजी लाल खुणेचं एक वाक्य घ्या. दीड-दोनशे शब्दांत त्याचा कर्ता कुठे गेला ते दाखवा, त्यापुढे चौथा रकाना, मग दुर्गी. शंकरमामंजी शेवटच्या परिच्छेदात आणा. तोवर त्यांचा हुकूम कोणकोणत्या माजघरातून फिरून आला ते वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असेल.