आधी काटा, मग बॅगा

पूर्वी आमच्या घरी लांबच्या प्रवासाची यादी कपड्यांपासून सुरू व्हायची. गाडीमागे जोडून न्यायचा, आत राहता येईल असा ट्रेलर आल्यापासून ती वजनकाट्यापासून सुरू होते. निघायच्या तीनेक आठवडे आधी पाणी, गॅस, गाद्या, खुर्च्या सगळं भरायचं, घरच्या माणसांना गाडीत बसवायचं आणि ट्रक मोजतात त्या काट्यावर उभं राहायचं. गाडीचं, ट्रेलरचं आणि एकेका आसाचं वजन वेगळं लिहून घ्यायचं. हा उपद्व्याप वाटतो खरा, पण अंदाजाने भरलेला ट्रेलर नेहमी अंदाजापेक्षा जड निघतो.

गाडी किती ओढू शकते एवढंच बहुतेक जण बघतात. पण बहुतेकदा आधी संपते ती गाडीची स्वतःची भारक्षमता. दोन हजार किलोच्या ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवतात त्या मागच्या जोडावर, ट्रेलरच्या वजनाच्या 12 टक्के भार टाकत असेल, तर 240 किलो गाडीच्या पाठीवर आले. म्हणजे तीन धडधाकट माणसं डिकीत बसवल्यासारखंच. त्यात आपण, मुलं, सायकली आणि छतावरची पेटी. अमेरिकी धाटणीच्या ट्रेलरला दांड्यावर साधारण 10 ते 15 टक्के भार लागतो, युरोपीय कॅरव्हॅनला 5 ते 7 टक्के पुरतो. आपल्या गाडीच्या आणि हिचच्या पुस्तिकेत जो आकडा आहे तो ओलांडायचा नाही.

हा भार कमी पडला की ट्रेलर मागे डुलायला लागतो. म्हणून जड सामान आसाच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत ठेवायचं; हलकं वर आणि मागे. पाण्याची टाकी कुठे आहे तेही खाली वाकून बघा. 120 लिटर म्हणजे 120 किलो, आणि टाकी आसाच्या मागे असेल तर भरल्यावर ती पुढचा दांडा उचलते. डुलायला लागलंच तर कचकन ब्रेक मारू नये, वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलायचा, आणि ट्रेलरच्या ब्रेकची वेगळी कळ असेल तर तेवढीच हाताने दाबायची. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे घरीच तोंडपाठ करून घ्या.

मग टायर. ट्रेलर वर्षातले बरेच महिने उभाच असतो, त्यामुळे नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर मात्र आतून म्हातारं झालेलं असतं. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षीकडे न बघता बदलावेत, असं माझं मत. हवा टायर थंड असतानाच मोजायची. स्टेपनीतही, कारण ती नेमकी विसरली जाते. आणि गाडीचा जॅक ट्रेलरला लागतोच असं नाही; नटांना पाना बसतो का, तेही घरीच करून बघावं. चाक काढून बसवलं असेल तर पहिल्या 80 किलोमीटरनंतर थांबून नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा आवळायचे. बेअरिंगचं ग्रीस वर्षातून एकदा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: घराच्या दारात एक रात्र ट्रेलरमध्ये झोपा. खरंच. दिवे, पंप, गिझर, शेगडी सगळं चालवा, घरातून काहीही आणायला जायचं नाही. यादीतला निम्मा भाग त्या रात्री आपोआप लिहून होतो. आम्हाला पहाटे कळलं की 100 अँपिअर-अवरची आमची साधी लेड-ॲसिड बॅटरी जेमतेम 50 च कामाची आहे. त्याहून खाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं. गॅसगळतीचा अलार्म फरशीजवळ लागतो, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, आणि त्यावर मुदतीची तारीख असते ती वाचायची. फ्रिज निघायच्या आदल्या दिवशीच गार करून ठेवा.

कपाटांच्या खिट्ट्यांबद्दल एक अनुभव. पहिल्याच प्रवासात एक खिट्टी अर्धवट लागली होती. वळणावर कपडे धुण्याची पावडर खाली सांडली, तिच्यावर पाण्याचा जार कलंडला, आणि पुढचे दोनशे किलोमीटर ट्रेलरने मन लावून धुणं धुतलं. दार उघडलं तर फेस पायरीवरून खाली आला. मुलं अजून तो प्रवास मागतात.

मुक्कामी पोचल्यावरचा क्रम कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा, कारण दमलेलं डोकं उलटं करतं. आधी पाणसळ लावून डावं-उजवं समान करायचं, चाकांखाली ठोकळे, मग गाडी सोडवायची, मग पुढचं-मागचं, आणि शेवटी कोपऱ्यांचे पाय. हे पाय ट्रेलर स्थिर ठेवायला असतात, उचलायला नव्हे. परतताना टाक्या रिकाम्या करायच्या तर आधी शौचालयाची, मग बेसिन-मोरीची, म्हणजे नळी साबणाच्या पाण्याने धुऊन निघते.

मार्ग आखताना गाडीच्या नेहमीच्या हिशोबातून तिसरा हिस्सा वजा करा. आम्ही दिवसाला साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि उजेड असताना पोचतो. अंधारात ट्रेलर मागे घेणं ही संसाराची परीक्षा आहे. हातवाऱ्यांचे अर्थ आधी ठरवा, आणि मागे उभं राहणाऱ्याने आरशात दिसेल अशा जागी राहावं. ट्रेलरची उंची मीटरमध्ये लिहून स्टिअरिंगपाशी चिकटवा. कागदपत्रं, विमा, औषधं, ते तुम्हाला माहीतच आहे.

निघायच्या सकाळी हिच लावणाऱ्याशी कोणी बोलायचं नाही. बोललात तर त्याने पहिल्यापासून सुरू करायचं. कुलूप बसलं की ट्रेलरचा पुढचा जॅक फिरवून दांडा थोडा वर उचलून बघा. गाडीचा मागचा भागही त्याच्यासोबत उचलला गेला तर पकड खरी. साखळ्या दांड्याखालून फुलीत, सुटल्यास ब्रेक लावणारी तार वेगळ्या जागी अडकवलेली, गॅस बंद, पायरी आत. मग एकाने ब्रेक आणि सिग्नल दाबायचे, दुसऱ्याने मागून ओरडायचं. पंधरा-वीस किलोमीटरवर पहिला थांबा ठरलेला. मी उतरून प्रत्येक चाकाच्या मधल्या हबजवळ हाताची पाठ नेते. कोमट असेल तर ठीक. एकच इतरांपेक्षा तापला असेल तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग गेलंय, पुढे जायचं नाही. तेवढ्यात मुलांची पहिली शू उरकते.