ब्रँड-संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी: आधी आठवण, मग यादी

विपणनाचे मूलभूत धडे तुम्ही अभ्यासक्रमात गिरवलेले असतील, म्हणून ते येथे उगाळत नाही. मी ज्यात अडकलो आणि आजही प्रश्नावली हाती आली की जे सर्वप्रथम तपासतो, ते म्हणजे प्रश्नांचा क्रम.

‘कपडे धुण्याच्या पावडरीचे कोणते ब्रँड आठवतात?’ याचे उत्तर म्हणजे आपणहून झालेले स्मरण. नावांचे कार्ड दाखवून ‘यांपैकी कोणते ऐकले आहेत?’ असे विचारल्यावर मिळते ती निव्वळ ओळख. कार्ड आधी नजरेस पडले, किंवा वापराविषयीच्या प्रश्नात एखादे नाव आधीच उच्चारले गेले, की पहिले उत्तर कायमचे बिघडते आणि नंतरच्या कोणत्याही आकडेमोडीने ते दुरुस्त होत नाही. किराणा दुकानाच्या दारात तर मुलाखत घेऊच नका, कारण तेथे टांगलेल्या पुड्यांच्या माळा आणि रंगवलेली भिंत कार्डाचेच काम करतात. नावे ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने लिहावीत, आणि ‘आणखी कोणते?’ यापलीकडे काहीही सुचवू नये.

स्मरण उत्तम असले तरी खरेदी होतेच असे नाही. करसनभाई पटेल यांनी 1969 मध्ये अहमदाबादेत सुरू केलेल्या निरमाचे जिंगल घराघरांत पोहोचले खरे, परंतु त्याआधी सायकलवरून दारोदार विकलेल्या त्या पावडरीची कमी किंमत लोकांना पटलेली होती. महाग पावडर घेण्यातच समजूतदारपणा आहे हे सांगायला सर्फने जाहिरातीत ललिताजी ही गृहिणी उभी केली; ती आजही अनेकांना आठवते, तरीही सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्तान लिव्हरला पुढे स्वस्त ‘व्हील’ आणावीच लागली. स्मरणापासून खरेदीपर्यंतच्या पायऱ्यांचा मनोरा रचून सादरीकरण करणाऱ्या वरिष्ठांपेक्षा तुमच्यासोबत उन्हात चार घरे फिरणारा वरिष्ठ शोधा, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑनलाइन प्रमाणपत्रांच्या मागे धावण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

पहिल्या मुलाखती अडखळतच होतात, त्याने खचू नका. टॅबवर काम असेल तर मागच्या पानावर जाऊन स्मरणाचे उत्तर बदलण्याची सोय मात्र आधीच बंद करून घ्या, कारण कार्ड पाहिल्यानंतर ‘अहो, तेही लिहा ना’ असे उत्तर देणारे हमखास म्हणतात आणि संकोचाने आपण ते लिहूनही टाकतो.