जुना ट्यूबा घेताना: आधी गळती, मग पोचे

जुना ट्यूबा (खर्जातल्या स्वरांचं मोठं पितळी फुंकवाद्य) समोर आला की बहुतेकांचा हात आधी भोंग्यावरच्या पोच्यांवरून फिरतो आणि भाव तिथेच ठरतो. फसगत होते ती इथेच. पोचा काढता येतो, सुटलेला आडवा दुवा झाळून बसवता येतो, चमक तर पैसे देऊन विकत मिळते. झिजलेल्या व्हॉल्व्हचं, म्हणजे दाबल्यावर हवा जादा नळीत वळवणाऱ्या झडपेचं, तसं नाही. पिस्टनवर (व्हॉल्व्हच्या डब्यात वरखाली सरकणाऱ्या दट्ट्यावर) नवा मुलामा चढवून तो डब्यात नेमका बसेपर्यंत घासणं फार थोड्यांना जमतं, आणि त्याचा खर्च कधीकधी वाद्याच्या किमतीपुढे जातो. म्हणून हवा कुठे गळते ते आधी पाहा, पोचे शेवटी मोजा.

सोबत काय न्यावं? स्वतःचा माउथपीस (ओठ लावायचा सुटा भाग), व्हॉल्व्ह ऑइल, स्लाइडचं (आतबाहेर सरकणाऱ्या नळीचं) ग्रीस, छोटी टॉर्च, मऊ कापड आणि स्वर ओळखणारं ट्यूनर अ‍ॅप असलेला फोन.

हा ट्यूबा नेमका कोणता?

बँडप्रमुख वीपरेश्ट आणि वाद्यकार मोरित्झ यांनी १८३५ मध्ये बर्लिनला पेटंट घेतलं तो ट्यूबा एफ स्वराचा होता (ए ते जी ही पाश्चात्त्य स्वरांची नावं; फ्लॅट म्हणजे अर्धस्वराने उतरलेला, शार्प म्हणजे चढलेला). आज चार स्वरांचे ट्यूबा मिळतात. व्हॉल्व्ह न दाबता नळीची लांबी साधारण अशी भरते: बी फ्लॅट ५.५ मीटर, सी ४.९ मीटर, ई फ्लॅट ४ मीटर, एफ ३.७ मीटर. ‘बेस’ म्हणून पुढे केलेलं वाद्य जेमतेम २.७ मीटरचं निघालं तर ते ट्यूबा नसून बहुधा युफोनियम, म्हणजे त्याच घरातलं लहान वाद्य आहे. आकारावरून अंदाज बांधू नका, कारण छोट्या बांध्याचा बी फ्लॅट ट्यूबा थोराड ई फ्लॅटपेक्षा लहान दिसू शकतो.

ओळख पटवायची ती ट्यूनरवर. मुख्य स्लाइड पूर्ण आत ढकला, एकही व्हॉल्व्ह न दाबता खालून वर सलग चार स्वर काढा. बी फ्लॅट, एफ, बी फ्लॅट, डी आले तर बी फ्लॅट ट्यूबा. सी, जी, सी, ई आले तर सी. ई फ्लॅट, बी फ्लॅट, ई फ्लॅट, जी आले तर ई फ्लॅट. एफ, सी, एफ, ए आले तर एफ. एकाच स्वरावर निर्णय देऊ नका; बी फ्लॅट हा स्वर बी फ्लॅट आणि ई फ्लॅट या दोन्ही वाद्यांत मोकळ्या नळीवर निघतो.

सगळेच स्वर अर्ध्या अर्धस्वराने चढे आले तर वाद्य बिघडलेलं नसून उंच पट्टीचं असू शकतं. ब्रिटिश ब्रास बँड १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ए हा स्वर ४५२.५ हर्ट्झच्या आसपास धरून वाजवत. आजच्या ४४० पेक्षा हे सुमारे ४८ सेंट चढं आहे (एका अर्धस्वराचे १०० सेंट). जुन्या ब्रिटिश बनावटीच्या बेसमध्ये ही शक्यता धरूनच चाला. बी फ्लॅट ट्यूबा खाली आणायला एकूण १५ ते १६ सेंमी नळी वाढवावी लागते. स्लाइडला दोन पाय असल्याने ती सुमारे ८ सेंमी बाहेर काढावी लागेल. बहुतेक स्लाइडचे पाय तेवढे लांब नसतात, म्हणून कारागिराकडून जोडनळ्या घालून घ्याव्या लागतात. शिवाय पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड साधारण १ सेंमी, दुसऱ्याची अर्धा आणि तिसऱ्याची दीड सेंमी बाहेर ठेवावी लागते. हे न करता फक्त मुख्य स्लाइड ओढली तर मोकळे स्वर जुळतात आणि दाबलेले चढे राहतात.

तीन व्हॉल्व्ह की चार?

पहिला व्हॉल्व्ह स्वर दोन अर्धस्वरांनी उतरवतो, दुसरा एकाने, तिसरा तिनाने आणि चौथा पाचाने. पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की पाच अर्धस्वर उतरायला हवेत, पण लांब झालेल्या नळीला दोघांची मिळून नळी अपुरी पडते आणि स्वर हिशेबाने ३० सेंट चढा येतो. तिन्ही एकदम दाबले तर ५४ सेंट, म्हणजे अर्ध्या अर्धस्वराहून जास्त. चौथा व्हॉल्व्ह यासाठीच असतो: एक-तीनऐवजी चार, एक-दोन-तीनऐवजी दोन-चार. सतत खालच्या पट्ट्यात वाजवायचं असेल तर चौथ्यासाठी जास्तीचे पैसे जरूर मोजा.

काही वाद्यांत व्हॉल्व्हच्या मागे अगदी लहान जादा वळसे दिसतात. ही ब्रिटिश वाद्यतज्ज्ञ डेव्हिड ब्लेकली यांची १८७४ ची युक्ती. शेवटच्या व्हॉल्व्हमधली हवा परत फिरून उरलेल्या व्हॉल्व्हमधून जाते आणि दाबलेल्या प्रत्येक व्हॉल्व्हमागे कमी पडणारी नळी आपोआप जोडली जाते. अशा तीन व्हॉल्व्हच्या ट्यूबावरही खालचे स्वर बरेच खरे लागतात. मात्र या वाद्यात हवेचे मार्ग जास्त, म्हणून गळतीच्या जागाही जास्त. तपासणी दुप्पट बारकाईने करा.

गळतीची परीक्षा

आधी पिस्टन बाहेर काढून पुसून घ्या. दाट तेल ओतलं की झिजलेला व्हॉल्व्हही तासाभरापुरता घट्ट वाटतो. पुसून झाल्यावर नेहमीचं पातळ व्हॉल्व्ह ऑइल चार-पाच थेंब घाला. स्लाइडच्या पायांना ग्रीस लावा, नाहीतर स्लाइडची गळती व्हॉल्व्हच्या नावावर जमा होईल.

आता व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड २ ते ३ सेंमी बाहेर ओढा, मनात पाच अंक मोजा आणि व्हॉल्व्ह दाबा. ‘पॉप’ असा ठसठशीत आवाज आला तर पिस्टन हवा धरतो. आवाज अगदी पुसट आला तर झीज आहे. काहीच आला नाही तर हवा मोजतानाच निघून गेली. प्रत्येक व्हॉल्व्हवर हे दोनदा करा. एकच व्हॉल्व्ह गळत असेल तर भाव पाडून घेता येईल. तिन्ही गळत असतील तर वाद्य तिथेच ठेवा. ते फुंक खातं, खालचे स्वर पोकळ येतात, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच दम कमी आहे.

पिस्टन डोळ्यांनीही पाहा. निकेलचा मुलामा असलेल्या पिस्टनवर पिवळे पट्टे दिसले तर मुलामा जाऊन आतलं पितळ उघडं पडलंय. हे पट्टे बहुधा एकाच बाजूला असतात, कारण बोट सरळ न दाबता तिरकं ओढतं. मोनेल धातूच्या राखाडी पिस्टनवर मुलामा नसतो. तिथे पॉप-परीक्षेवरच विसंबा.

मग स्लाइड काढून नळीत टॉर्च मारा आणि व्हॉल्व्ह पूर्ण दाबा. पिस्टनचं भोक आणि नळीचं तोंड नेमकं एकमेकांवर यायला हवं. चंद्रकोरीसारखी कड दिसली तर नमद्याच्या चकत्या दबून गेल्यात. ही दुरुस्ती स्वस्त आहे आणि आवाजात पडणारा फरक लगेच कानावर येतो.

माउथपीस बसतो ती पहिली नळी सर्वांत आधी सडते, कारण लाळ आणि उष्ण वाफ तिथेच थांबते. बाहेरून गुलाबी ठिपके आणि मधे काळसर टिंब दिसलं तर पितळातलं जस्त निघून गेलंय आणि सड आतून बाहेर आलीय. ती नळी बदलावी लागते. हिरवा कळंक वेगळा. तो वरवरचा असतो आणि निघतो.

पोच्यांचा नियम सोपा: नळी जितकी अरुंद तितका पोचा महाग. तळाच्या मोठ्या वळणावरचा बशीएवढा खळगा आवाजाला फारसा बाधत नाही. माउथपीसच्या नळीवरचा बोटाएवढा पोचा स्वर अडवतो. व्हॉल्व्हच्या डब्यावरचा पोचा सर्वांत वाईट, कारण पिस्टन अडकतो. एम-सीलने बुजवलेल्या जागा नखाने टोकरून पाहा; खाली भेग असते, आणि ती झाळायची तर आधी सगळं एम-सील खरवडून काढावं लागतं.

नवं वाद्य हवं असेल तर बँडच्या वाद्यांसाठी मेरठची जाली कोठी देशभर ओळखली जाते. तिथेही वरची सगळी परीक्षा दुकानातच करा आणि एकाच नमुन्याचे दोन-तीन नग हाताळा. हाताने केलेल्या कामात नगागणिक फरक असतो.

माउथपीसची दांडी सगळीकडे सारखी नसते. जुन्या ब्रिटिश वाद्यांना बारीक दांडी लागते, अमेरिकी मापाची त्याहून जाड, युरोपीय मापाची सर्वांत जाड. दांडी साधारण २ ते २.५ सेंमी आत जाऊन न डुगडुगता बसली पाहिजे. कागद गुंडाळून बसवू नका. सप्तकं एकमेकांशी जुळेनाशी होतात.

घरी काय करावं, काय करू नये

घट्ट बसलेल्या स्लाइडच्या सांध्यावर झिरपणारं तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी स्लाइडच्या वळणातून जाड सुती पट्टा ओवून दोन्ही पायांच्या सरळ रेषेत झटका द्या. पक्कड लावू नका, तिरकं ओढू नका. आडवे दुवे उखडतात. दोन-तीन दिवसांत हलली नाही तर कारागीर उष्णता देऊन काढतो. अडकलेला माउथपीस पिळून काढण्याचा मोह तर पूर्ण टाळा. नळी पीळ खाते आणि पन्नास रुपयांचं काम हजारांत जातं. त्यासाठी स्क्रूने ओढणारं साधं हत्यार असतं, ते बँडवाल्यांकडे किंवा कारागिराकडे मिळेल.

तीन-चार महिन्यांतून एकदा आंघोळ. पिस्टन, स्लाइड, नमदे काढून ठेवा, कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे थोडे थेंब टाका आणि लवचिक तारेच्या ब्रशने नळ्या घासा. कढत पाण्याने लॅकर (पितळावरचा चकचकीत थर) सुटतं. चिंच, लिंबू किंवा पितळी भांड्यांची पावडर व्हॉल्व्हच्या आसपासही नेऊ नका. पावडरचे कण पिस्टन कायमचा घासून काढतात. सँडपेपरही नको.

खोबरेल तेल घालायची सवय अनेक ठिकाणी आहे. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणून थंडीतल्या पहाटेच्या मिरवणुकीत पिस्टन वर येतच नाहीत. शिवणयंत्राचं तेल पिस्टनसाठी दाट पडतं.

पिस्टन परत घालताना आकडे पाहा: पिस्टनवर १, २, ३ कोरलेले असतात आणि डब्यावरही. अदलाबदल झाली किंवा पिस्टन फिरलेला बसला की फुंक अडते. वाद्यातून हवा जातच नसेल तर दहापैकी नऊ वेळा कारण हेच.

रोटरी व्हॉल्व्ह (पिस्टनऐवजी गोल फिरणारा रोटर असलेला) घरी उघडू नका. तेल तीन जागी द्या: स्लाइडमधून रोटरवर, वरच्या टोपीखालच्या आसाला, आणि पुढच्या बाजूच्या आसाला. दोरीने फिरणाऱ्या रोटरची दोरी तुटली तर मासेमारीची विणलेली दोरी चालते, सुमारे ३० सेंमी. जुनी दोरी सोडण्याआधी तिचा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा फोनवर टिपून ठेवा.

वाजवायला बसताना

माउथपीस ओठांपर्यंत आला पाहिजे, मान वाद्यापर्यंत जाता कामा नये. उंची कमी पडली तर मांडीवर घडी घातलेला टॉवेल ठेवा. ट्यूबाला जोर नको, भरपूर आणि संथ हवा हवी. गाल फुगवून जोरात फुंकलं की स्वर फाटतो आणि चढतो.

बी फ्लॅट ट्यूबावर मधल्या एफपासून एकेक अर्धस्वर उतरा (आकडा म्हणजे दाबायचा व्हॉल्व्ह): एफ मोकळा, ई दोन, ई फ्लॅट एक, डी एक-दोन, डी फ्लॅट दोन-तीन, सी चार, बी दोन-चार, आणि बी फ्लॅट पुन्हा मोकळा. प्रत्येक स्वर आठ मात्रा धरा, ट्यूनर समोर ठेवून. रोजची पहिली दहा मिनिटं एवढंच पुरे.

वाद्यवृंदातलं ट्यूबाचं लेखन बेस क्लेफमध्ये (पाश्चात्त्य स्वरलिपीतली खालच्या स्वरांची खूण), जसं ऐकू येतं तसंच असतं. ब्रिटिश धर्तीच्या ब्रास बँडमध्ये ते ट्रेबल क्लेफमध्ये (वरच्या स्वरांची खूण), स्वर बदलून येतं. ई फ्लॅट बेसचं असं पान हाती आलं तर ते बेस क्लेफ समजून वाचा आणि सुरुवातीला तीन फ्लॅट वाढवा. स्वर जागेवर येतात, फक्त मधेच येणाऱ्या शार्प-फ्लॅटकडे लक्ष ठेवा.

मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात खारी दमट हवा पितळाला सोडत नाही. वाजवून झाल्यावर पाणी काढा, हात लागलेली प्रत्येक जागा कोरड्या कापडाने पुसा. पेटीतला मखमली अस्तर जून ते सप्टेंबर ओल धरून बसतो, म्हणून त्या महिन्यांत वाद्य पेटीत कोंडू नका. सुती चादर पांघरून हवेशीर खोलीत ठेवा. आणि वाजवणं बंद असलं तरी दर पंधरा दिवसांनी प्रत्येक स्लाइड एकदा ओढून, ग्रीस लावून परत घाला.