बाल्डर्स गेटच्या एन्हान्स्ड एडिशनमध्ये रेस आणि क्लास कसे निवडावेत

अलीकडचे रोल-प्लेइंग गेम खेळून झाल्यावर जो खेळाडू ‘बाल्डर्स गेट: एन्हान्स्ड एडिशन’कडे वळतो, तो बहुधा पात्र घडवण्याच्या पडद्यावरच थबकतो. ड्वॉर्फ ही रेस (पात्राचा वंश) निवडली की पॅलाडिन, रेंजर, ड्रुइड, बार्ड, मेज (जादूगार), सॉर्सरर आणि मंक हे सगळे क्लास (पात्राचे पेशे) एकदम निवडीबाहेर जातात, आणि तसे का झाले याचे स्पष्टीकरण त्या पडद्यावर कुठेही मिळत नाही. हा गेममधला दोष नाही. बायोवेअरने 1998 मध्ये आणलेला मूळ गेम ‘अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद आणि फाशांवर खेळायच्या छापील खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर उभा होता, आणि बीमडॉगने 2012 मध्ये त्याची नवी आवृत्ती काढताना चित्रे, पडदे आणि सोयी सुधारल्या तरी नियमांचा तो पाया कायम ठेवला. कोणत्याही रेसने कोणताही क्लास घ्यावा ही मोकळीक छापील खेळात 2000 मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर आली. 2023 चा ‘बाल्डर्स गेट 3’ पाचव्या आवृत्तीवर आधारलेला असल्यामुळे तिथे असे बंधन नाही, आणि तो खेळून मागे येणाऱ्याला जुने नियम अधिकच जाचक वाटतात.

पहिली सूचना अशी की, पडदा ज्या क्रमाने विचारतो त्या क्रमाने विचार करू नये. गेम आधी रेस विचारतो आणि मग क्लास. तुम्ही मात्र आधी क्लास पक्का करावा, कारण शेकडो लढायांमध्ये तुमचे पात्र काय करणार हे क्लासवर ठरते, आणि त्यानंतर त्या क्लासला चालणाऱ्या रेसपैकी एक निवडावी. पॅलाडिन किंवा मंक व्हायचे असेल तर मानवाशिवाय पर्याय नाही. ड्रुइड आणि बार्ड हे मानव व हाफ-एल्फ यांच्यासाठी आहेत. रेंजर, मेज आणि सॉर्सरर यांच्यात एल्फचीही भर पडते. फायटर, क्लेरिक आणि थीफ सर्वांना खुले आहेत. जुन्या मार्गदर्शिका वाचताना एक भान ठेवावे: 1998 च्या गेममध्ये हाफ-ऑर्क, सॉर्सरर, मंक आणि किट (क्लासचा खास उपप्रकार) यांपैकी काहीच नव्हते. ते सगळे ‘बाल्डर्स गेट 2’ या दुसऱ्या भागातून एन्हान्स्ड एडिशनमध्ये आले, त्यामुळे त्या काळचे तक्ते आज अपुरे पडतात.

बंधने समजून घेताना मानवाचे स्थान नीट पाहावे लागते, कारण नवखे खेळाडू सर्वात जास्त इथेच फसतात. मानवाला गुणांमध्ये (ताकद, चपळाई, बुद्धी अशांच्या आकड्यांत) कसलीही वाढ नाही, अंधारात दिसत नाही, मंत्रांपासून खास बचावही नाही. छापील नियमांत याची भरपाई अशी होती की मानवेतर रेसना प्रत्येक क्लासमध्ये लेव्हलची कमाल मर्यादा असे आणि मानवाला ती नसे. बाल्डर्स गेटने ही मर्यादा घेतलीच नाही. म्हणून इथे मानवाच्या हाती पॅलाडिन, मंक आणि ड्युअल क्लास (एक क्लास सोडून दुसरा घेणे) एवढ्याच गोष्टी उरतात, आणि यांपैकी काहीच नको असेल तर मानव निवडण्यात नियमांच्या दृष्टीने फारसा लाभ नाही, असे माझे मत आहे.

मल्टीक्लास आणि ड्युअल क्लास

मल्टीक्लास फक्त मानवेतरांना आणि ड्युअल क्लास फक्त मानवांना मिळतो. मल्टीक्लासमध्ये मिळालेला एक्सपी (अनुभवाचे गुण) सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन किंवा तीन क्लासमध्ये सारखा वाटला जातो. पहिल्या भागात एक्सपीची कमाल मर्यादा 1,61,000 आहे. निव्वळ मेज तेवढ्यात नवव्या लेव्हलपर्यंत जातो. फायटर-मेजच्या वाट्याला प्रत्येकी 80,500 येतात आणि तो दोन्हीकडे सातव्या लेव्हलवर थांबतो, म्हणजे त्याला चौथ्या श्रेणीचे मंत्र मिळतात, पाचव्या श्रेणीचे नाहीत. फायटर-मेज-थीफच्या वाट्याला प्रत्येकी साधारण 53,666 येतात आणि तो अनुक्रमे 6, 6 आणि 7 वर अडतो. हा हिशेब पाहिला की तिहेरी मल्टीक्लास एकट्याने खेळणाऱ्यासाठी सोयीचा का आणि सहा जणांच्या चमूत काहीसा फिका का, हे लक्षात येते.

कोणत्या जोड्या कोणाला, हेही ठरलेले आहे. हाफ-एल्फला सर्वाधिक जोड्या मिळतात, त्यांत क्लेरिक-रेंजर, क्लेरिक-मेज आणि फायटर-ड्रुइड या इतर कोणालाही न मिळणाऱ्या जोड्या आहेत. एल्फला फायटर, मेज आणि थीफ यांच्याच जोड्या करता येतात. क्लेरिक त्याला एकेरीच घ्यावा लागतो. ड्वॉर्फला फायटर-क्लेरिक आणि फायटर-थीफ, हाफलिंगला केवळ फायटर-थीफ, आणि हाफ-ऑर्कला ड्वॉर्फच्या दोन जोड्यांखेरीज क्लेरिक-थीफ मिळते.

ड्युअल क्लासमध्ये मानव एक क्लास मध्येच सोडून दुसरा पहिल्या लेव्हलपासून सुरू करतो. त्यासाठी जुन्या क्लासच्या मुख्य गुणात किमान 15 आणि नव्या क्लासच्या मुख्य गुणात किमान 17 असावे लागतात, आणि ही अट पात्र घडवतानाच पूर्ण करून ठेवावी लागते. नव्या क्लासची लेव्हल जुन्या क्लासच्या पुढे जाईपर्यंत जुनी कौशल्ये बंद राहतात. याचे उत्तम उदाहरण गेमच्या सुरुवातीलाच तुमच्यासोबत येणारी इमोएन आहे. ती मानव थीफ आहे, तिची डेक्स्टेरिटी (चपळाई, थीफचा मुख्य गुण) 18 आणि इंटेलिजन्स (बुद्धी, मेजचा मुख्य गुण) नेमकी 17 आहे, म्हणजे मेज होण्याची अट ती काठावर पूर्ण करते. तिला थीफच्या सहाव्या लेव्हलवर, म्हणजे 20,000 एक्सपी झाल्यावर, मेज केले तर सातवी लेव्हल गाठायला मेज म्हणून आणखी 60,000 लागतात. तोवर ती कुलपे उघडू शकत नाही आणि सापळेही शोधू शकत नाही. त्या काळात चमूत दुसरा थीफ हवा, नाहीतर सापळ्यांनी भरलेली तळघरे त्या काळापुरती बाजूला ठेवावीत.

किटच्या बाबतीत मानवाला आणखी एक फायदा आहे: पहिला क्लास किटसह घेऊन मग ड्युअल करता येते. मल्टीक्लासला किट मिळत नाही. याला एकच अपवाद आहे, तो म्हणजे नोम.

नोमची गोष्ट वेगळी

नोमला साधा मेज होता येत नाही, फक्त इल्युजनिस्ट होता येते. वाचताना हे बंधन वाटते, पण प्रत्यक्षात तो या तक्त्यातला सर्वात उदार नियम आहे. इल्युजनिस्टला प्रत्येक श्रेणीत एक मंत्र अधिक लक्षात ठेवता येतो, आणि नोमचा फायटर-इल्युजनिस्ट हा लाभ मल्टीक्लासमध्येही सोबत नेतो. बदल्यात नेक्रोमन्सीचे मंत्र सोडावे लागतात. पहिल्या भागात त्याची झळ मुख्यतः ‘स्कल ट्रॅप’पुरती लागते, दुसऱ्या भागात उच्च श्रेणीचा ‘हॉरिड विल्टिंग’ हातचा जातो, आणि तेव्हा मात्र चमूत दुसरा मेज असलेला बरा.

नोमची इंटेलिजन्स एकाने वाढते आणि विस्डम एकाने घटते. शिवाय ड्वॉर्फ, हाफलिंग आणि नोम यांना कॉन्स्टिट्यूशनच्या (काटकपणाच्या) प्रमाणात सेव्हिंग थ्रोमध्ये, म्हणजे मंत्रासारख्या हल्ल्यातून वाचण्यासाठीच्या दानात, सवलत मिळते, जी 18 कॉन्स्टिट्यूशनला 5 पर्यंत जाते. तिचे वजन आकड्यांतच कळते. पहिल्या लेव्हलच्या फायटरला मंत्रापासून वाचण्यासाठी 20 पैलूंच्या फाशावर 17 किंवा अधिक दान पडावे लागते, म्हणजे पाचांतून एकदाच तो वाचतो. हाच फायटर 18 कॉन्स्टिट्यूशनचा ड्वॉर्फ असेल तर 12 पुरतात आणि वाचण्याची शक्यता 20 टक्क्यांवरून 45 टक्क्यांवर जाते. सुरुवातीच्या लेव्हलला शत्रूच्या मेजचा एकच मंत्र अख्खी लढाई संपवतो, त्यामुळे माझ्या मते नवख्याने फायटर घ्यायचा तर ड्वॉर्फच घ्यावा. हाफ-ऑर्कच्या 19 स्ट्रेंग्थचा मोह होणे साहजिक आहे, आणि +7 डॅमेज ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण भ्रमित होऊन तोच हाफ-ऑर्क आपल्या साथीदारांवर उलटतो तेव्हा ते +7 आपल्यालाच सोसावे लागतात.

गुणांचे फासे टाकतानाही क्लासचे नियम काम करत असतात. पॅलाडिनला करिष्मा किमान 17 आणि विस्डम किमान 13 लागते, रेंजरला कॉन्स्टिट्यूशन आणि विस्डम किमान 14. फाशावर याहून कमी पडले तर गेम ते किमान आकड्यापर्यंत वर आणतो, त्यामुळे या क्लासना एकूण बेरीज सहसा चांगली मिळते. चांगली बेरीज आली की ‘स्टोअर’ दाबून ती राखून ठेवावी आणि मगच पुढचे फासे टाकावेत.

नियम शिथिल करायचे असतील तर

गेम स्वतःच्या साथीदारांना हे नियम लावत नाही. एन्हान्स्ड एडिशनमध्ये आलेला डॉर्न हाफ-ऑर्क असून ब्लॅकगार्ड आहे, आणि ब्लॅकगार्ड हे पॅलाडिनचे किट आहे. दुसऱ्या भागातली एअरी एल्फ असून क्लेरिक-मेज आहे. याच्या उलट त्याच भागातल्या मॅझी या साथीदाराचे उदाहरण आहे. अर्वोरीन देवतेची ही हाफलिंग उपासक मनाने पूर्णपणे पॅलाडिन आहे, पण हाफलिंग असल्यामुळे तिला तो दर्जा मिळत नाही. गेम तिला फायटर ठेवतो आणि पॅलाडिनसारख्या काही शक्ती वेगळ्याने देतो. तिच्या कथेचा पीळ या नियमातूनच निर्माण झाला आहे. म्हणून पहिला खेळ तरी मूळ नियमांनी पूर्ण करावा, असे मी मनापासून सुचवतो. हाफलिंग पॅलाडिन होऊन तिला भेटलात तर तिच्या संवादांचा अर्थच उरत नाही.

दुसऱ्या खेळाला मात्र नियम सैल करण्यात काहीच गैर नाही. संगणकावर खेळणाऱ्यांसाठी सर्वात भरवशाचा मार्ग म्हणजे ‘ट्वीक्स अँथॉलॉजी’ हा मॉड (चाहत्यांनी बनवलेला, गेममध्ये बदल करणारा संच). आधी गेमच्या संपूर्ण फोल्डरची प्रत काढून ठेवावी, मॉड त्या फोल्डरमध्ये उलगडावा, त्याचा सेटअप चालवावा आणि एकेरी क्लास, मल्टीक्लास व किट यांवरची रेसची बंधने काढणारे घटक निवडावेत. हे तीन स्वतंत्र घटक आहेत. फक्त पहिला घेतला आणि किट दिसेनात म्हणून गोंधळ होतो. स्टीम किंवा गॉगवरून ‘सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर’ घेतलेले असेल तर त्या विस्ताराच्या फायली एका झिपमध्ये बंद असतात, त्या आधी मर्जर साधनाने मोकळ्या कराव्या लागतात.

स्वतःच्या हाताने एखादाच बदल करायचा असेल तर ‘निअर इन्फिनिटी’ या गेमच्या फायली बदलण्याच्या साधनात ‘सीएलएसआरसीआरईक्यू’ हे 2डीए कोष्टक उघडावे. त्यात आडव्या ओळीत क्लास आणि उभ्या रकान्यात रेस असतात. 0 म्हणजे मनाई, 1 म्हणजे परवानगी. हवा तो आकडा बदलून जतन केले की बदललेली फाइल ‘ओव्हरराइड’ फोल्डरमध्ये जाते, आणि ती तिथून काढली की मूळ नियम परत येतात. किटची आणि किमान गुणांची कोष्टके वेगळी आहेत. ड्वॉर्फच्या करिष्म्यातून गुण वजा होतात आणि पॅलाडिनला तर तोच 17 लागतो, तेव्हा ड्वॉर्फ पॅलाडिनला परवानगी दिल्यावर गुणांच्या पडद्यावर काय दिसते ते पाहूनच पुढे जावे. अशा पात्राला पॅलाडिनची 2 आणि ड्वॉर्फची 5 अशी दुहेरी सवलत मिळून मंत्रांचा धाक जवळपास संपतो, त्यामुळे अडचणीची पातळी एक पायरी वर नेणे योग्य ठरते.

मॉड नेहमी नवा खेळ सुरू करण्यापूर्वी बसवावा. हेच पात्र पुढे दुसऱ्या भागात न्यायचे असेल तर तेच घटक त्या गेमच्या फोल्डरमध्येही आधी बसवून घ्यावेत आणि मगच पात्र आयात करावे.