डीबगरमधील ब्रेकपॉइंट टिकवून ठेवताना

पायथनच्या पीडीबी या डीबगरमध्ये (प्रोग्रॅममधील चुका शोधण्याच्या साधनात) 'रिस्टार्ट' ही आज्ञा दिल्यास प्रोग्रॅम नव्याने सुरू होतो, तरी ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा त्या जागेच्या खुणा) आणि आज्ञांचा इतिहास कायम राहतो. डीबगरमधून बाहेर पडल्यावर मात्र ब्रेकपॉइंट नाहीसे होतात. म्हणून नेहमी लागणाऱ्या आज्ञा, पीडीबी सुरू होताना स्वतःच वाचतो त्या '.पीडीबीआरसी' (.pdbrc) या फाइलमध्ये लिहून ठेवाव्यात. ही फाइल होम (वापरकर्त्याची मुख्य) आणि चालू (सध्या काम चालू असलेली) अशा दोन्ही डिरेक्टरींत असू शकते, आणि होममधील आधी वाचली जात असल्याने एकाच नावाचा अलियास (आज्ञेला दिलेले पर्यायी नाव) दोन्हीकडे असल्यास चालू डिरेक्टरीतील व्याख्या लागू होते. होममध्ये केवळ अलियास ठेवून ब्रेकपॉइंट प्रकल्पाच्या डिरेक्टरीतील '.पीडीबीआरसी'मध्येच लिहावेत, हे मला अधिक सुरक्षित वाटते. शक्य तेथे ब्रेकपॉइंट ओळीच्या क्रमांकाऐवजी फंक्शनच्या नावावर लावावा, कारण कोडमध्ये वर एखादी ओळ वाढली की जुना क्रमांक भलतीकडेच थांबवतो.