जंताचं औषध: आधी फीत, मग बाटली

पहिल्या पावसानंतर कोवळं गवत वर आलं की जंत वाढतात. उस्मानाबादी शेळीला अंदाजानं औषध पाजू नका. डोस कमी पडला तर चिवट जंत तगतात आणि पुढं तेच औषध लागू पडत नाही.

वजन काढायला फितीनं पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजा, मग खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे किलोत वजन. घेर 28, लांबी 26 भरली तर साधारण 31 किलो. अल्बेंडाझोल हे जंतनाशक किलोला 10 मिलिग्रॅम धरलं तर 2.5 टक्क्यांच्या (मिलीला 25 मिलिग्रॅम) बाटलीतून साडेबारा मिली. बाटलीवरचे टक्के आधी वाचा, इथंच घोळ होतो.

पाजताना तोंड आभाळाकडं करू नका; औषध फुफ्फुसात गेलं की ठसका, मग न्यूमोनिया. मान सरळ ठेवून गालाच्या कोपऱ्यातून सुई काढलेल्या सिरिंजनं हळूहळू सोडा.

नुकत्याच गाभण गेलेल्या शेळीला अल्बेंडाझोल नकोच, गर्भात व्यंग येऊ शकतं. डॉक्टरांना विचारून दुसरं औषध घ्या. खालची पापणी ओढून पाहा: आतून पांढरीफट्ट असेल किंवा जबड्याखाली पाणी उतरलं असेल, तर नुसत्या जंतनाशकावर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) लस मात्र पावसाआधीच, मे महिन्यात.